पंधरा पावलांवरचं डुक्कर

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी माझ्या नावानं खडे फोडायला नकोत. साध्या धनुष्यबाणानं रानडुकराची शिकार कशी करायची ते सांगतोय, पण हे सगळं अमेरिकेतल्या टेक्सासचं आहे. भारतात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि रानडुकरानं शेतात कितीही धुडगूस घातला तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. तेव्हा हे वाचून वसईतल्या माझ्या चुलतभावांनी बांबू वाकवायला घेऊ नये.

टेक्सासात मामला उलटा आहे. इथलं डुक्कर मूळचं इथलं नाहीच. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली, पुढे १९३०च्या दशकात शिकारीच्या हौसेपायी युरोपातली रानडुकरं आणून सोडली, आणि दोघांची सरमिसळ झाली. आता ती २६ लाखांच्या घरात असावीत असा अंदाज सांगतात. मादी वर्षाची व्हायच्या आतच वयात येते, ११५ दिवसांच्या आसपास गाभण राहते आणि एका वेताला चार-सहा पिल्लं टाकते. एका रात्रीत अख्खं कुरण नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. ज्याच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या रानात, आम्ही जातो तो मालक म्हातारा त्यांचं नाव घेताना आधी थुंकतो.

म्हणूनच १ सप्टेंबर २०१९पासून इथे खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी असेल तर, डुकराच्या शिकारीला लायसन्स लागत नाही. सरकारी जमिनीवर लागतं, तिथले नियम वेगळे. परवानगी तोंडी घेऊ नका, निदान फोनवर मेसेज मागून ठेवा. आणि लायसन्स लागत नसलं तरी शिकारीच्या सुरक्षिततेचा सरकारी कोर्स करा. माझ्या धाकट्यानं तो केला आणि आता गाडीत बसल्यापासून मलाच चुका दाखवतो.

एक गफलत मात्र महागात पडते. दक्षिण टेक्सासात हॅवेलिना नावाचा प्राणी आहे. दिसतो डुकरासारखा, पण डुक्कर नव्हे. त्याला लायसन्स लागतं, हंगाम आहे, संख्येची मर्यादा आहे. गळ्याभोवती पांढुरका पट्टा, शेपटी जवळजवळ दिसत नाही, अंगानं लहान. संध्याकाळच्या उजेडात खात्री होत नसेल तर धनुष्य मांडीवरच राहू द्या.

आता धनुष्य. आम्ही साधं वापरतो, रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) किंवा लाँगबो (लांब, साध्या कमानीचं). कप्प्या नाहीत, नेमाची काडी नाही, ओढून धरायला यंत्राची मदत नाही. माझं ४७ पौंडांचं आहे, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला तेवढा जोर लागतो, बायकोचं ४२. दुकानात गेलात की तिथला पोरगा ६० पौंडांचं हातात देईल आणि चार लोकांसमोर तुम्हाला ते ओढावंसं वाटेल. नका ओढू. थंडीत दीड तास न हलता बसल्यावर, जाड जाकिटात, आखडलेल्या खांद्यानं जे धनुष्य सावकाश आणि न थरथरता ओढता येतं, ते तुमचं.

कमी ताकदीची भरपाई बाणाच्या वजनानं करायची. माझा बाण पात्यासकट ५५० ग्रेनचा, म्हणजे ३६ ग्रॅमच्या आसपास. पातं दोन धारांचं, ठाम बसवलेलं. लागल्यावर उघडणारी पाती कप्प्यांच्या धनुष्यासाठी ठीक, आपल्या धनुष्याची ताकद ती उघडण्यातच खर्ची पडते. धार हातावरची लव निघेल इतकी हवी, आणि ती जायच्या आदल्या रात्री लावायची, दुकानातून आली तशी नाही. असा जड बाण सेकंदाला १७० फूट गेला तरी भरपूर. २० यार्ड जायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो आणि दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. तेवढ्यात डुक्कर वळलेलं असतं. म्हणून दोरीवर लोकरीचे दोन गोंडे बांधा, टणत्कार मरतो. आमचे गोंडे माझ्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचे आहेत. स्वेटर अजून पूर्ण झालेलं नाही.

सराव कसा करायचा, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. पूर्वी मी शनिवारी परसात ६० बाण मारायचो. तिसाव्या बाणापर्यंत हात असा बसायचा की स्वतःलाच शाबासकी द्यावी. पण शिकारीत तिसावा बाण नसतो. दुसराही नसतो. जो असतो तो पहिला, आखडलेल्या हातानं मारलेला. तेव्हा जायच्या तीन महिने आधीपासून रोज सकाळी, चहाच्याही आधी, एकच बाण मारा. आठ इंची कागदी ताटली लावा, डुकराच्या छातीतली माऱ्याची जागा साधारण तेवढीच असते. लागला तर कॅलेंडरवर बरोबरची खूण, नाही तर फुली. ज्या अंतरावर शेवटच्या दहातले नऊ पहिले बाण ताटलीत बसले, तो तुमचा पल्ला. माझा १५ पावलं आहे, बायकोचा १४, मेहुण्याचा ११. मेहुण्याला हे आवडत नाही, पण कॅलेंडर त्याच्याच घरच्या भिंतीवर आहे. बाकी बाण दिवसभरात हवे तेवढे मारा, ते मजेसाठी.

जायचं फेब्रुवारीत. जानेवारीत हरणांचा मुख्य हंगाम आटोपलेला असतो, त्यामुळे मालकाचं रान मोकळं असतं आणि तिथे शिकार करू द्यायचा दर आपल्याला जरा बरा मिळतो. ओकची फळं संपत आलेली असतात, डुकरं भुकेली असतात. साप कमी बाहेर पडतात (कमी म्हटलं, नाहीत असं नाही, रॅटलस्नेक उन्हाच्या दुपारी फेब्रुवारीतही दिसतो). आणि मांस टिकतं. उन्हाळ्यात गेलात तर लवकर वास मारायला लागतं.

आम्ही आठ जण जातो. मी, बायको, दोन मुलं, मेहुणा आणि त्याची मुलगी, एक शेजारी, आणि ऑफिसातला एक मित्र जो पक्का पुण्याचा आणि पक्का शाकाहारी आहे. त्याच्याकडे नंतर येतो. आठही जणांच्या हाती धनुष्य देऊ नका. एका वेळी दोन जोड्या बसतात, प्रत्येक जोडीत एक धनुष्यवाला आणि एक बघणारा. दोन आडोशांमध्ये टेकडी किंवा दाट झाडी हवी आणि कुठली जोडी कुठे आहे ते सगळ्यांना कागदावर काढून दाखवलेलं हवं. बाकीचे तळावर. आपली जागा सोडून कुणीही, लघवीलासुद्धा, न सांगता जायचं नाही. मुलांना झाडावरच्या मचाणावर मी नेत नाही. जमिनीवर मेस्कीट नावाच्या काटेरी झाडाच्या फांद्यांचा आडोसा पुरतो.

डुकराला दिसतं बेताचं, ऐकू चांगलं येतं, आणि नाकाबद्दल तर बोलायलाच नको. तेव्हा वारा सांभाळा, बाकी थोडंफार चालून जातं. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवा आणि दर दहा मिनिटांनी चिमूटभर दाबून सोडा. संध्याकाळी ऊन उतरलं की थंड हवा उताराकडे, ओढ्याकडे वाहू लागते. दुपारी अचूक वाटलेली जागा साडेपाचला फितूर होते. वारा फिरला तर उठा आणि परत या. चिडचिड होते, पण त्या संध्याकाळी काही दिसणार नसतं हे नक्की.

बहुतेक रँचवर मका उधळणारं यंत्र असतं. तिवईवर पिंप, खाली घड्याळ, ठरल्या वेळी काही सेकंद मका उडतो. कुणी म्हणेल, ही कसली शिकार, हे तर जेवायला बोलावणं झालं. खरं आहे. पण १५ पावलांवरून, साध्या धनुष्यानं, बारा नाकांच्या कळपासमोर हात वर करून बघा. यंत्रापासून थोडं दूर, ते ज्या वाटेनं येतात तिथे बसणं मला जास्त पसंत आहे. चिखलात लोळून अंग घासलेली झाडं शोधा. खोडावरचा चिखल ओला असेल तर वाट चालू आहे.

डुक्कर समोर आलं की घाई करायची नाही. हरणं मारलेली माणसं इथे हमखास चुकतात. छातीच्या मधोमध नेम धरतात आणि बाण पोटात जातो. डुकराचं हृदय आणि फुप्फुसं पुढे असतात, खाली असतात. पुढच्या पायाच्या मागची घडी आणि अंगाचा खालचा तिसरा हिस्सा जिथे भेटतात, तिथे. शिवाय मोठ्या नराच्या खांद्यावर चामडीखाली कूर्चेसारखी जाड, चिवट ढाल असते. त्यामुळे आडवं उभं असेल तरी मी थांबतो. ते तिरपं होऊ द्यायचं, तोंड पलीकडे आणि ढुंगण जरासं आपल्याकडे. मग पलीकडच्या पुढच्या पायातून बाण बाहेर पडेल अशी रेघ मनात ओढायची. डोकं खाली, चावण्याचा कचकच आवाज चालू, तेव्हाच हात हलवायचा. एक मान वर झाली की गोठायचं.

ढालीचं मला पुस्तकातून कळलेलं नाही. तिसऱ्या वर्षी एक एकांडा सुळेवाला आला, २२ पावलांवर. माझा पल्ला १५चा. सात पावलं म्हणजे काय हो, दिवाणखान्याची लांबी. मारला. बाण खांद्यावर चार बोटं रुतला आणि तो बाणासकट झाडीत घुसला. रात्री एकपर्यंत शोधलं, सकाळी पुन्हा शोधलं. मिळाला नाही. धाकटा तेव्हा नऊ वर्षांचा होता, परत येताना गाडीत त्यानं विचारलं, "त्याला अजून दुखत असेल का?" मी रेडिओ लावला. तेव्हापासून आम्ही बसल्या बसल्या आडोशापासून पावलं मोजून तिथे एक दगड ठेवतो. दगडापलीकडचं डुक्कर फक्त बघायचं.

बाण लागल्यावर अर्धा तास घड्याळ लावून बसा. उठायचं नाही, ओरडायचं नाही. पोटात लागल्याचा संशय असेल तर चार तास तरी. डुकराची चरबी जखम बुजवते, त्यामुळे रक्त फार पडत नाही. बाण आरपार गेला असेल तर खालच्या भोकातून थोडं मिळतं. इथे आमचा पुणेकर कामाला येतो. तो मांसाला हात लावत नाही, पण वाळक्या गवतावरचा मोहरीएवढा थेंब त्याला टॉर्चच्या उजेडात दिसतो. प्रत्येक थेंबाशी टॉयलेट पेपरचा तुकडा ठेवत जातो आणि मागे वळून तुकड्यांची रांग बघितली की दिशा कळते. नंतर तुकडे गोळाही तोच करतो. माग काढायला दोघांनीच जायचं, मुलं तळावर. जखमी डुक्कर झाडीत तोंड आपल्याकडे करून उभं असू शकतं.

सोलताना रबरी मोजे घाला, आणि हातावर जखम असेल तर ते काम दुसऱ्याला द्या. इथल्या डुकरांत ब्रुसेला नावाचा जिवाणू असतो, त्याचा आजार माणसाला होतो. कुत्र्याला कच्चा तुकडा टाकू नका, त्यांच्यातला एक विषाणू कुत्र्याच्या जिवावर उठतो. चरबी निळसर दिसली तर सगळं फेकून द्या. डुकरं मारायला काही ठिकाणी विषारी चारा घालतात आणि ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग असतो. मालकाला आधीच विचारा. सुऱ्या दोन न्या, चिखलानं भरलेल्या केसांवर एकीची धार दहा मिनिटांत जाते. मांस बर्फाच्या पेटीत दोन-तीन दिवस, पेटीचं भोक उघडं, पाणी निथळत, वरून नवा बर्फ.

पहिल्या वर्षी आईनं वसईहून फोनवर विचारलं, "सोरपोतेल करणार ना?" नाही केलं. कलेजी आणि रक्त या डुकराचं मी घरात आणत नाही. आम्ही इंदियाल करतो. भरपूर लसूण, सिरका आणि आईनं पाठवलेला बाटली मसाला. रानातल्या डुकराला चरबी कमी, म्हणून बाजारच्या डुकराची थोडी घालावी लागते. मंद आचेवर अडीच तास, आणि आतलं तापमान ७१ अंश सेल्सिअसच्या वर गेलंच पाहिजे. मोठ्या नरापेक्षा ६०-७० पौंडांची मादी चवीला कितीतरी बरी. म्हाताऱ्याला डबाभर देतो. तो कपाळाचा घाम पुसत खातो आणि पुढच्या वर्षीची तारीख विचारतो. पुणेकर आपला वरणभात आणि लिंबाचं लोणचं घेऊन शेकोटीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसतो.

निघताना प्रत्येक फाटक आलात तेव्हा होतं तसं ठेवा, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. धनुष्याची दोरी उतरवा. घरी पोचल्यावर सगळे कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, कंबर, गुडघ्यामागे गोचीड बघा, मुलांच्या केसांतही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, एक बाण. माझा यंदा ताटलीच्या तीन बोटं खाली लागला. फुली मारली.