पन्नास दोनातून सत्तावीस गेले किती? शाळा सुधारताना या चुका टाळा

मी 31 वर्षं महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं. कुठल्या शहरात ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून कोणालातरी झोंबेल. निवृत्त झाल्यावरही हौशी स्वयंसेवक आणि नवे शिक्षणसेवक विचारायला येतात, "बाई, तीन महिन्यांत गुणवत्ता कशी वाढवायची?" तीन महिन्यांत मेथीच्या चार जुड्या निघतील.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे चुकलेलं गणित पुन्हा पुन्हा सोडवून घेणं. ही मी स्वतः केलेली आहे. तिसरीत एक मुलगा होता, अक्षर मोत्यासारखं. 52 वजा 27 याचं उत्तर त्याने 35 लिहिलं. मी लाल फुली मारली आणि घरी वीस वजाबाक्या दिल्या. दुसऱ्या दिवशी वीसच्या वीस करून आणल्या, सुबक, पट्टीने रेघा मारून, आणि हातच्याची एकूण एक चूक. मी त्याच्याकडून चुकीचाच सराव करून घेतला होता!

मग शेजारी बसवून विचारलं, "कसं केलंस सांग." तो म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत ना बाई, म्हणून सातातून दोन घालवले." त्याच्या हिशेबाने बरोबरच होतं की. आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून दिले, वर दोन सुट्या. म्हटलं, मला सत्तावीस दे. त्याने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. उरलेल्या गठ्ठ्यांकडे बघत राहिला. मी गप्प बसले, आणि शिक्षकाला सगळ्यात अवघड जातं ते हेच. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "बाई, एकाचं रबर काढू?"

काढ म्हटलं. हातचा तिथे कळला.

तेव्हापासून चुकलेल्या गणिताला फुली मारायच्या आधी मी "कसं केलंस?" विचारते. चाळीस मुलांच्या वर्गात वेळ लागतो, लागू द्या. आणि कोणी "त्रेपन्न" ऐकून 35 लिहिलं तर त्याला ढ म्हणू नका. त्याच्या कानावर आधी तीनच पडतो. 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात "पन्नास तीन" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा घरोघरी केवढा गहजब झाला. मला वर्गात ती कामाला आली असती.

दुसरी चूक: इयत्ता बघून शिकवणं. पाचवीतल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही आणि आपण त्याला पाठाखालचे प्रश्न लिहायला लावतो, कारण पोर्शन. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत 'प्रथम' संस्थेने बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच मुली, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी बसवून पहिली-दुसरीचंच शिकवायचं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मोजलं. बाहेर नेलेल्या मुलांचे गुण वाढले. गंमत म्हणजे, मूळ वर्गात उरलेल्या मुलांना वर्ग लहान होऊनही फारसा फरक पडला नाही. पट कमी झाला की आपोआप शिकतात म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. आणि कार्यक्रम थांबल्यावर कमाईचा बराच भाग वर्षभरात ओसरला, हे घाई असलेल्यांसाठी.

गट पाडायला मोठी परीक्षा लागत नाही. मुलांना वाचता येतं का, गणित येतं का हे घरोघर तपासणारी 'असर'ची पाहणी गावांत होते म्हणून शहरातले आपण हात झटकतो, पण तिचं वाचनाचं पान कुठेही चालतं: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं. व्हरांड्यात एकेकाला बोलवा. वर्गासमोर उभं केलं तर बाजूचा पुटपुटतो आणि हा ते ऐकून म्हणतो.

तिसरी चूक लिहिताना अजून राग येतो. चाचण्यांचे गुण 'दुरुस्त' करणं. जून 2015 मध्ये राज्य सरकारचा 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या. कल्पना चांगली होती. मी खरे गुण भरले, तर एका साहेबांचा फोन आला, "बाई, तुमचाच वर्ग खाली दिसतोय." शेजारच्या वर्गात फळ्यावरून उत्तरं उतरवून घेतली होती. परिणाम? त्या वर्गातली अकरा न वाचणारी मुलं कागदावर प्रगत झाली, आणि जादा तासाच्या यादीत त्यांची नावंच आली नाहीत. खोटा आकडा म्हणजे साहेबाला दिलेली भेट, आणि तिचे पैसे त्या अकरा जणांनी भरले.

बाकीच्या भराभर सांगते. बाराखडी पाठ झाली म्हणजे वाचन आलं असं नाही. घ, र, क, म, न एवढ्यावर घर, मन, मकर, नमन तयार होतात, तिथून सुरू करा. स्मार्ट बोर्ड फळ्यासमोर बसवू नका, फळा लागतो. शिष्यवृत्तीची पाच मुलं घासूनपुसून बॅनर लावणं म्हणजे शाळा सुधारणं नव्हे. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने पाऊणशे टक्के पालक आणि निम्म्या बायका लागतात, मग सभा सकाळी अकराला ठेवू नका. त्या वेळी आया कामावर असतात आणि रजिस्टर शिपायाबरोबर घरोघर सह्यांना फिरतं. घरी कन्नड किंवा लमाणी बोलणाऱ्या मुलाला "मराठी येत नाही" असा शेरा देऊ नका, चित्र दाखवून त्याच्या भाषेतला शब्द आधी विचारा.

माझी सवय एकच. शंभर पानी वही, एका मुलाला एक पान, पेन्सिलने: तारीख, काय वाचलं, कुठे अडला. दर पंधरा दिवसांनी दोन ओळी. आणि साहेब येणार म्हणून ती वही आदल्या रात्री शाईने नव्याने लिहून काढू नका.