ओव्हन तापत नाही? नवा एलिमेंट आणण्याआधी या चुका टाळा

दिवा लागतो, पंखा फिरतो, अर्धा तास झाला तरी आतली जाळी गारच. अशा ओव्हनच्या बाबतीत बहुतेक जण पहिली चूक करतात ती म्हणजे न मोजताच नवा एलिमेंट (तापणारा रॉड) विकत आणणे. वीज टायमर, सिलेक्टर स्विच, थर्मोस्टॅट (तापमान राखणारा स्विच) आणि थर्मल कटआउट (अति तापल्यावर वीज तोडणारा भाग) यांतून एलिमेंटपर्यंत येते आणि न्यूट्रलच्या वायरने परत जाते. यातली एक जागा सुटली तरी परिणाम तोच. दिव्याची आणि पंख्याची जोडणी बऱ्याचदा थर्मोस्टॅटच्या आधीच फुटलेली असते, त्यामुळे ते चालू असले तर प्लगपर्यंत वीज येते एवढेच कळते.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी सेटिंग पाहा. वीज जाऊन आल्यावर डिजिटल घड्याळ शून्यावर लुकलुकत असेल तर वेळ लावेपर्यंत अनेक ओव्हन तापतच नाहीत. टायमर चुकून ऑटोवर राहिला तरी तसेच होते. काही मॉडेलमध्ये दुकानात मांडण्यासाठी डेमो मोड असतो. त्यात दिवे आणि पंखा चालतात, उष्णता मात्र नाही. ओटीजीचा (ओट्यावरच्या छोट्या ओव्हनचा) टायमर शून्यावर असेल तर रॉडला वीज जातच नाही.

मीटर वाजला नाही म्हणून एलिमेंट जळाला, असे समजू नका

चांगले एलिमेंट सर्वात जास्त फेकले जातात ते या चुकीमुळे. बहुतेक मल्टीमीटरचा बझर (जोडणी सलग असली की वाजणारा) साधारण ३० ते ५० ओमच्या (ओम हे रोधाचे एकक) आतच वाजतो. १००० वॅटच्या एलिमेंटचा रोध मात्र ५३ ओमच्या आसपास असतो. तो ठणठणीत असूनही मीटर गप्प राहतो. म्हणून बझर नको, ओमची २०० ची रेंज लावा आणि आकडा वाचा.

आकडा किती यायला हवा, याचा हिशोब सोपा आहे. व्होल्टेजचा वर्ग करून वॅटने भागायचे. २३० व्होल्टवर २००० वॅटला सुमारे २६ ओम, १२०० वॅटला ४४, ८०० वॅटला ६६. दहा टक्के इकडे-तिकडे चालते. आकडाच आला नाही, म्हणजे मीटरने ओपन दाखवले, तरच आतली तार तुटली आहे. ओटीजीमध्ये वरचे दोन रॉड अनेकदा सिरीजमध्ये (एकामागोमाग एक जोडलेले) असतात. दोघांचे मिळून ७५० वॅट असतील तर एकत्र सुमारे ७० ओम आणि प्रत्येकी ३५ ओम यायला हवेत. अशा जोडीतला एक तुटला की दुसराही तापत नाही, आणि मग दोन्ही बदलले जातात. प्रत्येक रॉड वेगळा मोजा.

मोजताना प्लग काढलेला हवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. एलिमेंटच्या एका टोकाची तरी वायर सोडवा, नाहीतर शेजारच्या दुसऱ्या एलिमेंटमधून वाट मिळून खोटा आकडा येतो. बिल्ट-इन ओव्हनचा एलिमेंट आतून दोन स्क्रू काढून पुढे ओढता येतो. ओढण्याआधी वायरिंगचा फोटो घ्या, आणि लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) मोकळी करताच वायर चिमट्याने धरून ठेवा. ती मागच्या भोकातून आत निसटली तर पूर्ण ओव्हन बाहेर काढून मागचा पत्रा उघडावा लागतो.

टेस्टरवर विसंबू नका

न्यूट्रल कुठेतरी सुटलेला असेल तर एलिमेंटच्या दोन्ही टोकांवर टेस्टर पेटतो, कारण फेज एलिमेंटमधूनच पलीकडे पोहोचतो. पाहणाऱ्याला वाटते वीज येते आहे, म्हणजे एलिमेंटच गेला. खरे तर दोन्ही टोकांवर टेस्टर पेटला तर न्यूट्रलचा माग काढायला हवा. खात्रीची पद्धत अशी: प्लग काढून मीटरच्या क्लिप एलिमेंटच्या दोन टोकांना लावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवा, मग वीज सुरू करा आणि हात लांब ठेवा. पूर्ण व्होल्टेज दिसूनही रॉड गार असेल तर एलिमेंट तुटला आहे. शून्य आले तर बिघाड दुसरीकडे आहे. उघड्या वायरिंगवर वीज सुरू करायची सवय नसेल तर हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

थर्मल कटआउट शॉर्ट करून ओव्हन चालवू नका

मागच्या पत्र्याजवळचा हा छोटा गोल भाग ओव्हन अति तापला की वीज तोडतो. काहींवर बटण असते, ते दाबले की टिक असा आवाज येऊन जोडणी होते. काही गार झाल्यावर आपोआप जुळतात. असा ओव्हन थोडा वेळ तापतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. दोन टोके वायरने जोडून टाकली की ओव्हन तापतो खरा, पण थर्मोस्टॅट चिकटला तर त्याला थांबवणारे काहीच उरत नाही. कटआउट सुटला तर कारण शोधा: कूलिंग फॅन अडकला आहे का, हवेच्या फटी बुजल्या आहेत का, थर्मोस्टॅटचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत का.

थर्मोस्टॅट खोलीच्या तापमानाला, नॉब फिरवलेला असताना, जवळपास शून्य ओम दाखवायला हवा. त्याची बारीक तांब्याची नळी वाकवू नका. ती चिरली की आतला द्रव गळतो आणि बहुधा कॉन्टॅक्ट सुटतच नाहीत. इलेक्ट्रॉनिक ओव्हनमध्ये नळीऐवजी सेन्सर असतो. पीटी १००० जातीचा सेन्सर २५ अंश सेल्सिअसला साधारण १०९७ ओम दाखवतो.

जळकी लग पुन्हा तशीच बसवू नका

सैल लग तापते, काळी पडते, आणखी सैल होते. काळा भाग कापून नवी लग क्रिंप करा (पकडीने दाबून घट्ट बसवा). सोल्डर करू नका, नेहमीचे सोल्डर १९० अंशांच्या आसपास वितळते. साधी पीव्हीसी वायरही इथे चालत नाही, तिची मर्यादा बहुधा ७० अंश असते. सिलिकॉनची किंवा काचेच्या धाग्याचे आवरण असलेली वायर घ्या.

ओव्हन हळू तापत असेल तर लांब, बारीक एक्स्टेन्शन काढून पाहा. व्होल्टेज २३० वरून २०० वर आले की २००० वॅटचे जेमतेम १५०० वॅट उरतात.

सुरू करताच आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल तर बऱ्याचदा रॉडमधल्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पावडरने ओल धरलेली असते. मल्टीमीटरला ही गळती अनेकदा दिसत नाही. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) टोक आणि रॉडचे कवच यांच्यामध्ये मोजा. एक मेगाओमच्या खाली आले तर तो रॉड वापरू नका. अर्थिंगची वायर काढून आरसीसीबी थांबवणे म्हणजे पत्र्यात वीज सोडून ठेवणे.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हचे बाहेरचे कव्हर घरी उघडू नका. आतला हाय व्होल्टेज कपॅसिटर प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल इतका चार्ज धरून राहू शकतो.

नवा एलिमेंट बसवल्यावर रिकामा ओव्हन २०० अंशांवर वीस-तीस मिनिटे चालवा, खिडकी उघडी ठेवा. पहिला थोडा धूर रॉडवरच्या तेलकट थराचा असतो. जळक्या प्लास्टिकचा वास आला तर लगेच प्लग काढा. ओव्हन गार झाल्यावर प्रत्येक लग हलकेच ओढून पाहा आणि मगच मागचा पत्रा लावा.