परांचीचे ड्रॉइंग कॅडवर कसे काढावे: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढण्याचे सॉफ्टवेअर, शिकायला बसलेला माणूस बहुतेकदा कमांड पाठ करण्यापासून सुरुवात करतो. परांचीच्या, म्हणजे स्कॅफोल्डिंगच्या ड्रॉइंगसाठी मी उलटा क्रम सुचवेन. लाइन, ऑफसेट, ट्रिम, कॉपी या कमांड थोड्या सरावाने हाताला बसतात. परांची कशावर उभी राहते, कशामुळे पडत नाही आणि ती बांधणाऱ्याला कागदावर काय दिसायला हवे, हे समजायला मात्र वेळ लागतो. ड्रॉइंग चुकते तेही इथेच. भिंतीशी पकडून ठेवणारा टाय कागदावर राहून गेला, तर तो साइटवरही राहून जाऊ शकतो, आणि त्या परांचीवर माणसे चढणार असतात.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट असू द्या. ड्रॉइंग काढणे आणि डिझाइन करणे ही दोन वेगळी कामे आहेत. भार, वारा, पाया आणि टायची ताकद यांचा हिशेब पात्र इंजिनिअर करतो. तुम्ही तो हिशेब कागदावर नेमका आणि वाचता येईल असा उतरवता. खाली दिलेली मापे फक्त सरावासाठी आहेत.

आधी परांची ओळखा

उभा पाइप म्हणजे स्टँडर्ड. भिंतीला समांतर धावणारा आडवा पाइप म्हणजे लेजर, आणि स्टँडर्डच्या आतल्या व बाहेरच्या रांगेला जोडणारा आखूड आडवा पाइप म्हणजे ट्रान्सम. तिरके पाइप म्हणजे ब्रेसिंग. दोन स्टँडर्डमधल्या अंतराला बे म्हणजे खण म्हणतात, तर एका लेजरपासून वरच्या लेजरपर्यंतचा टप्पा म्हणजे लिफ्ट. खाली बेस प्लेट आणि तिच्याखाली भार पसरवणारी लाकडी फळी असते. वर चालण्याच्या फळ्या, माणूस पडू नये म्हणून कठड्यासारखी गार्ड रेल आणि वस्तू घसरून खाली पडू नयेत म्हणून टो बोर्ड येतो.

प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात सुटे पाइप कपलरने, म्हणजे दोन पाइप आवळून धरणाऱ्या क्लॅम्पने, जोडतात. या पाइपचा बाहेरचा व्यास सर्वसाधारणपणे ४८.३ मिलिमीटर असतो. दुसरा कपलॉक किंवा रिंगलॉकसारखा सिस्टिम प्रकार. त्यात स्टँडर्डवर ठरावीक अंतरावर, सहसा दर ५०० मिलिमीटरला, जोडाची जागा तयार असते. त्यामुळे तिथे लेजर १५०० किंवा २००० वर बसतो, १७०० वर बसत नाही. लेजरच्या लांब्याही उत्पादकाने ठरवलेल्या असतात. त्याची माहितीपुस्तिका शेजारी ठेवल्याशिवाय सिस्टिम परांचीचे ड्रॉइंग सुरू करू नका.

सॉफ्टवेअर आणि पहिली मांडणी

ऑटोकॅड सर्वाधिक प्रचलित आहे आणि अनेक ठिकाणी त्याच्याच स्वरूपातली डीडब्ल्यूजी फाइल मागतात. शिकण्यासाठी लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड ही मोफत साधने पुरेशी आहेत. त्रिमितीय मॉडेलचा मोह आता टाळा. द्विमितीय ड्रॉइंगमध्ये प्लॅन (वरून दिसणारे), एलिव्हेशन (समोरून दिसणारे) आणि सेक्शन (आडवे कापल्यावर बाजूने दिसणारे) ही तीन दृश्ये एकमेकांशी जुळवण्याची जी सवय लागते, ती नंतर त्रिमितीतही उपयोगी पडते.

एकक मिलिमीटर ठेवा आणि मॉडेल स्पेसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष रेघा काढायच्या जागेत, सगळे १:१ काढा. १२ मीटरची भिंत म्हणजे १२००० एकके. स्केल ठरतो कागदाच्या लेआउटमध्ये, रेघा काढताना नव्हे. मग लेयर, म्हणजे स्वतंत्रपणे चालू-बंद करता येणारे थर, करा: इमारत, स्टँडर्ड, लेजर व ट्रान्सम, ब्रेसिंग, टाय, फळ्या, गार्ड रेल, मापे, मजकूर. इमारतीची रेघ बारीक आणि फिकट ठेवा, परांचीची ठळक. टायला स्वतंत्र लेयर आणि डोळ्यात भरणारा रंग द्या. तपासताना बाकीचे लेयर बंद करून फक्त टाय पाहता आले पाहिजेत. ऑब्जेक्ट स्नॅप, म्हणजे रेघेचे टोक किंवा केंद्र नेमके पकडणारी सोय, कायम चालू असू द्या. नजरेने जुळवलेली रेघ पुढे मापात चूक देते.

सराव: १२ मीटर लांब, ८ मीटर उंच भिंत

प्लॅनपासून सुरुवात करा. भिंतीची रेघ काढा. तिच्यापासून २५० मिलिमीटरवर आतल्या रांगेची मध्यरेषा आणि तिथून १२०० वर बाहेरच्या रांगेची. पहिल्या जागी ४८.३ व्यासाचे वर्तुळ काढा आणि त्याचा ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारा तयार घटक, करा. ब्लॉकचा बेस पॉइंट बरोबर मध्यावर हवा. आता आयताकृती ॲरे, म्हणजे ओळी-स्तंभांत प्रती काढणारी कमांड, द्या: ७ स्तंभ २००० अंतराने, २ ओळी १२०० अंतराने. खण सहा, पण एका रांगेतले स्टँडर्ड सात, म्हणजे एकूण १४. सहा खणांना सहा खांब मोजण्याची चूक इतकी सहज होते की ॲरेनंतर वर्तुळे बोटाने मोजलेलीच बरी.

पुढची गोष्ट नवशिक्याच्या ड्रॉइंगमध्ये हमखास चुकलेली दिसते. कपलरने जोडलेले पाइप एकमेकांना छेदत नाहीत, ते एकमेकांच्या शेजारून जातात. म्हणून प्लॅनमध्ये लेजरची मध्यरेषा स्टँडर्डच्या केंद्रातून काढू नका. ती निदान एका पाइपच्या व्यासाइतकी बाजूला हवी आणि लेजर शेवटच्या स्टँडर्डच्या थोडा पुढे गेलेला हवा. तिथे ट्रिम मारून रेघ तोडली, तर कागदावर जी परांची उभी राहते तिच्यात कपलर बसायला जागाच नसते. सिस्टिम परांचीत याच्या उलट असते. लेजर जोडापाशी येऊन थांबतो, म्हणून तिथे रेघही थांबवावी.

आता एलिव्हेशन. प्लॅनमधल्या प्रत्येक स्टँडर्डवरून सरळ उभ्या मदतरेषा खेचा. मापे पुन्हा टाइप करू नका. जमिनीची रेघ, लाकडी फळी, बेस प्लेट आणि मग स्टँडर्ड, या क्रमाने काढा. लेजर २०००, ४००० आणि ६००० पातळीवर येतील. फळ्या सर्वात वरच्या टप्प्यावर आहेत असे धरा. त्या लेजरच्या रेषेवर काढू नका. लेजरवर ट्रान्सम असतो आणि ट्रान्समवर फळी. फळी ३८ मिलिमीटर जाड धरली तर तिचा वरचा पृष्ठभाग लेजरच्या मध्यरेषेपासून सुमारे ११० मिलिमीटर वर येतो. गार्ड रेलची उंची मोजायची ती या पृष्ठभागापासून. ती १ मीटर ठेवली तर रेल ७००० वर न येता ७११० च्या आसपास येते, आणि स्टँडर्ड त्याहून वर जायला हवा. मधली रेल आणि १५० मिलिमीटर उंचीचा टो बोर्डही काढा. प्रत्यक्ष कामात या उंचीचे नियम देशानुसार बदलतात, तेव्हा लागू असलेले मानक उघडून आकडा घ्या.

लेजरच्या लांबीतही लक्ष घाला. एका लेजरसाठी एकाहून अधिक पाइप जोडायचे, तर शेजारच्या लेजरचा जोड त्याच खणात येऊ देऊ नका. स्टँडर्डचे जोडही असेच एकाआड एक वरखाली हवेत. हे जोड दाखवले नाहीत तर बांधणारा हाताला येईल तो पाइप लावेल.

सेक्शन काढायचा कंटाळा करणारे खूप भेटतात, पण मला विचाराल तर तीन दृश्यांत सर्वात मोलाचा तोच आहे. भिंत आणि परांची यांमधली फट, भिंतीच्या काटकोनातले ब्रेसिंग, टाय भिंतीत कुठे आणि कसा धरला आहे, शिडी कुठून वर येते हे एलिव्हेशनमध्ये नीट दिसतच नाही. टाय एलिव्हेशनमध्ये चिन्हाने आणि सेक्शनमध्ये प्रत्यक्ष पाइप म्हणून दाखवा. दोन्हीकडची पातळी एकच आहे ना, हे तपासा. जमीन उताराची असेल तर प्रत्येक स्टँडर्डखालची पातळी लिहा, म्हणजे बेस जॅक, म्हणजे बेस प्लेटची उंची कमी-जास्त करणारा स्क्रू, किती उघडावा लागेल हे आधीच कळते.

मोजणी

ब्लॉक नीट वापरले असतील तर सामानाची यादी जवळपास आपोआप मिळते. तरी एकदा हाताने पडताळा. १४ स्टँडर्ड आणि ३ टप्पे, म्हणजे लेजरसाठी ४२ काटकोनी कपलर. प्रत्येक टप्प्यावर ७ असे एकूण २१ ट्रान्सम, दोन्ही टोके धरून तेही ४२. जमिनीलगतचे आडवे पाइप, गार्ड रेल, ब्रेसिंग आणि टाय यांचे कपलर वेगळे. सॉफ्टवेअरचा आकडा आणि हा आकडा जुळला नाही, तर कुठे तरी ब्लॉक दुहेरी पडला आहे किंवा सुटला आहे.

कागद, टिपा आणि छपाई

वरचा सराव १:५० स्केलला ए३ कागदावर बसतो. एलिव्हेशन २४० मिलिमीटर रुंद, त्याखाली प्लॅन, बाजूला सेक्शन. १:५० ला पाइप कागदावर जवळजवळ १ मिलिमीटर दिसतो, तेव्हा दोन रेघा चालतात. १:१०० ला तो अर्ध्या मिलिमीटरहून कमी होतो आणि दोन रेघा एकमेकींत मिसळतात. तिथे एकच ठळक रेघ काढा आणि जोडाचा तपशील १:५ किंवा १:१० ला वेगळा द्या. कागदावर २.५ मिलिमीटरचे अक्षर हवे असेल आणि मजकूर मॉडेल स्पेसमध्ये लिहायचा असेल, तर १:५० साठी त्याची उंची १२५ ठेवा.

टिपांमध्ये भारवर्ग, म्हणजे परांचीने किती भार पेलायचा त्याचा वर्ग, लिहाच. युरोपीय मानक ईएन १२८११-१ मध्ये सहा भारवर्ग आहेत. त्यातला पहिला दर चौरस मीटरला ०.७५ किलोन्यूटनचा आणि तिसरा २ किलोन्यूटनचा, म्हणजे ढोबळमानाने २०० किलोचा. एकाच वेळी किती टप्प्यांवर भार चालेल, टाय कोणत्या प्रकारचे, आणि जाळी किंवा ताडपत्री लावणार आहेत का, हेही लिहा. ताडपत्री लावली की वाऱ्याचा भार कितीतरी वाढतो आणि टायचा सगळा हिशेब बदलतो. म्हणून ही ओळ रिकामी असेल तर ड्रॉइंग बाहेर जाऊ देऊ नका, इंजिनिअरला विचारा.

टायटल ब्लॉकमध्ये ड्रॉइंग क्रमांक, स्केल, तारीख, आवृत्ती, काढणारा आणि तपासणारा यांच्या जागा ठेवा. बदल झाला की आवृत्ती वाढवा आणि बदललेला भाग ढगासारख्या रेघेने वेढा. पीडीएफ छापताना ‘कागदाला बसवा’ हा पर्याय बंद करून १०० टक्के निवडा. छापल्यावर पट्टीने एक खण मोजा: १:५० ला तो ४० मिलिमीटर भरला पाहिजे.

मग तो कागद परांची बांधणाऱ्या अनुभवी माणसाच्या हातात द्या आणि स्वतः काही समजावू नका. तो जे प्रश्न विचारेल, त्यांची उत्तरे ड्रॉइंगवर नव्हती. ती घालून पुढची आवृत्ती काढा. त्यानंतर कोपऱ्यावरून वळणारी परांची घ्या, मग दारावरून जाणारी, जिथे एक स्टँडर्ड जमिनीपर्यंत येऊच शकत नाही.