प्रोस्टेटचा ‘छोटा’ उपाय करायचाय? आधी मापं काढा

युरॉलॉजीच्या ओपीडीत सिस्टर होते, म्हणून सांगते. वयानं प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवीचा त्रास सुरू झालेले काका लोक खुर्चीत टेकायच्या आत विचारतात, “सिस्टर, लेझरनं होईल ना?” काका, आधी मापं.

तीन दिवस वही ठेवा: किती वाजता लघवी झाली, किती मिली. जुना मापाचा मग चालतो. रात्री किती वेळा उठता, ते मात्र काकूंना विचारून लिहा. काका सांगतात दोनदा, काकू सांगतात चारदा. खरं बहुधा काकूंचंच. मग लघवीचा त्रास किती आहे ते मोजणारा सात प्रश्नांचा आयपीएसएस फॉर्म भरा. 8 ते 19 गुण म्हणजे मध्यम त्रास, 20 किंवा जास्त म्हणजे तीव्र. लघवीच्या धारेचा जोर मोजतात, त्या तपासणीला लघवी लागलेली असतानाच या. घरून मोकळे होऊन आलात तर बाकावर बसून पाणी पीत राहावं लागतं. सोनोग्राफीत दोन आकडे बघा, ग्रंथी किती ग्रॅमची आणि लघवीनंतर आत किती उरते. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी डॉक्टर सांगतीलच.

आता छोटे उपाय. यूरोलिफ्टमध्ये ग्रंथी कापत नाहीत. पडदे बाजूला बांधावेत तसे तिचे दोन्ही भाग आत बारीक टाके बसवून मागे ओढतात. आराम लवकर पडतो, पण काहींना पुढे पुन्हा काहीतरी करावं लागतं. रेझूममध्ये दुर्बिणीतून वाफ सोडतात, एका जागी 9 सेकंद. हा प्रामुख्याने 30 ते 80 ग्रॅमच्या ग्रंथीसाठी. आधी सूज येते, काही दिवस लघवीची नळी राहते आणि फरक आठवड्यांनी दिसतो. पहिल्या आठवड्यात “फसलो” म्हणू नका. तिसरा उपाय एम्बोलायझेशन: मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी घालून ग्रंथीचा रक्तपुरवठा तोडतात. ते युरॉलॉजिस्ट नाही, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात.

धार सगळ्यात मोकळी होते ती टीयूआरपी (दुर्बिणीतून ग्रंथीचा आतला भाग खरवडून काढणं) किंवा होलेपनेच (तोच भाग लेझरनं सोलून काढणं), असं माझं मत. पण त्यानंतर बहुतेकांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. यूरोलिफ्ट, रेझूममध्ये हे सहसा टळतं. लाजू नका, स्पष्ट विचारा. डॉक्टरांना रोजचंच आहे. मूत्राशयात खडे असतील किंवा किडनीला सूज असेल, तर मात्र छोट्या उपायाचा हट्ट धरू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा, मनानं बंद करू नका. टॅमसुलोसिन ही प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर मोतीबिंदूच्या डॉक्टरांनाही सांगा. त्या गोळीनं ऑपरेशनच्या वेळी डोळ्याची बाहुली नीट मोठी होत नाही. सर्दीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नका, काहींनी लघवी तुंबते. आणि तुंबलीच, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.