पिकअप किती ओढेल? आधी ड्रायव्हरचं दार उघडा

अमेरिकेत कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर, घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला आकडा जाहिरातीतला असतो. "आपली रेंजर साडेसात हजार पाउंड ओढते!" आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्याच गाडीचा असेल असं नाही. असला तरी बऱ्याचदा गाडी त्याच्या कितीतरी आधी हात टेकते.

म्हणून सुरुवात आपल्या दारातल्या गाडीपासून करा. सध्याची फोर्ड रेंजर टो पॅकेज (ट्रेलर ओढण्यासाठीची जादा सामग्री) असेल तर ७,५०० पाउंड ओढते, नसेल तर ३,५००. लांबून बघाल तर दोन्ही सारख्याच. होंडा रिजलाइन ५,००० वर थांबते. इंजिन, टू-व्हील की फोर-व्हील, कोणतं मॉडेल, यावर आकडा बदलतो, म्हणून मॅन्युअलमध्ये नेमकी आपली ओळ शोधा. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा सांधा, आणि त्यावरचा गोळा, म्हणजे बॉल, यांवरही मर्यादा लिहिलेली असते. या सगळ्यांत जो आकडा सर्वांत कमी, तो धरायचा.

आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर टायरच्या हवेची माहिती देणारं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको, असं त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. फोटो काढून ठेवा, कारण बहुतेकांचं गणित इथेच फसतं. ट्रेलर चाकांवर चालतो हे खरं, पण त्याचं नाक गाडीच्या हिचवर टेकलेलं असतं. कॅम्परच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असा गाडीवर येतो आणि तो पेलोडमध्ये मोजावा लागतो.

हिशेब करून बघू. टो पॅकेजवाल्या रेंजरच्या स्टिकरवर १,४०० पाउंड आहे असं धरा. भरलेला कॅम्पर ५,५०० चा. त्याचे १३ टक्के म्हणजे ७१५. नवरा, बायको, दोन मुलं मिळून ५२०. हिचचं लोखंड ८०. मागे सायकली, बर्फाची पेटी, सरपण असं १५०. बेरीज १,४६५. ओढण्याच्या मर्यादेला अजून २,००० पाउंड बाकी आहेत आणि गाडी मात्र ६५ पाउंडांनी जास्त भरलेली!

यावर काहीजण कॅम्परमधलं सामान मागच्या टोकाला सरकवतात. असं अजिबात करू नका. नाकावरचा भार १० टक्क्यांच्या खाली गेला की हायवेवर ट्रेलरचं शेपूट डोलायला लागतं आणि गाडीलाच फरफटवतं. सामान कमी करा, नाहीतर लहान कॅम्पर बघा.

कॅम्परचं वजनही ब्रोशरमधलं धरू नका. तिथलं 'ड्राय वेट' म्हणजे रिकाम्या डब्याचं वजन. एक गॅलन पाणी सव्वाआठ पाउंडांहून थोडं जास्त भरतं, म्हणजे ३० गॅलनची टाकी २५० पाउंडांची झाली. आपल्याकडे कुकर, पोळपाट-लाटणं आणि चार दिवसांचा शिधा वेगळाच. खरेदीच्या वेळी कॅम्परच्या स्टिकरवरचं कमाल वजन धरून चाला. गाडी आणि ट्रेलर मिळून किती, याचीही एक मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. तीही तपासा.

पहिल्या सहलीआधी सगळं भरून, घरच्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर जा. एकदा ट्रेलर जोडून वजन करा, मग ट्रेलर सोडून नुसत्या गाडीचं करा. गाडीच्या चाकांवरच्या वजनात जो फरक येईल, तो नाकाचा खरा भार. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (नाकाचा भार बारांच्या जोरावर पुढच्या चाकांकडेही वाटणारी) असेल तर जोडलेलं वजन करताना तिचे बार ढिले ठेवा.

ब्रेकचं विसरू नका. बहुतेक राज्यांत सुमारे ३,००० पाउंडांच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, कॅलिफोर्नियात त्याहून कमी वजनालाही. त्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारं यंत्र, हवा. कॅलिफोर्नियात ट्रेलर जोडून ताशी ५५ मैलांच्या वर जाता येत नाही.

डोंगरात जाणार असाल तर आणखी हात राखून भरा. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे ११,००० फुटांवर, एक तृतीयांश गेलेली असते. पाण्याची टाकी घरून भरून नेऊ नका, बहुतेक कॅम्पग्राउंडवर नळ असतो.