गॅसवर ऊब, विजेवर गारवा: यंत्र बसवण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट जागेची. गॅसचा बर्नर आणि विजेवरचा कॉम्प्रेसर एकाच पेटीत असलेलं पॅकेज युनिट, म्हणजे हिवाळ्यात घर गरम आणि उन्हाळ्यात गार करणारं यंत्र, घराबाहेरच बसवायचं असतं. जमिनीवर चालेल, गच्चीवर चालेल, पण उघड्यावर. पावसापासून आडोसा हवा म्हणून ते शेडखाली, गॅरेजमध्ये किंवा बोळात सरकवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. पेटी पावसात उभी राहील अशीच बनवलेली असते. तिच्यातून निघणारा धूर मात्र कोंडून चालत नाही.

गॅसची जोडणी आणि पॅनेलमधलं वायरिंग हे परवानाधारक माणसाचं काम आहे, ते स्वतः करू नका. ही यादी घरमालकासाठी आहे, म्हणजे जो फिटरला दार उघडतो आणि तो गेल्यावर त्या यंत्रासोबत राहतो त्याच्यासाठी. अशा कामांवर देखरेख करताना मला एक गोष्ट वारंवार दिसली. चुका अज्ञानातून कमी होतात. क्रेन खाली उभी आहे, माणसं खोळंबली आहेत, आता कसंही करून बसवून टाकू, या घाईत जास्त होतात. म्हणून यंत्र येईल त्या दिवशी ठरवायचं असं काही शिल्लक ठेवू नका.

जागा ठरवताना आधी धुराच्या तोंडाकडे बघा. पेटीच्या एका बाजूला जाळीचं झाकण असतं, तिथून जळालेला गॅस बाहेर पडतो. ते तोंड खिडकी, दार, ताजी हवा आत घेणारी जाळी किंवा शेजाऱ्याची गॅलरी यांच्या समोर येता कामा नये. किती अंतर हवं ते यंत्राच्या पुस्तिकेत आणि तुमच्या भागातल्या नियमांत दिलेलं असतं. दोन्हींत फरक असला तर मोठं अंतर धरा. टेप घेऊन स्वतः मोजा आणि भिंतीवर खडूने खूण करा. कंडेन्सरच्या कॉइलसमोर, म्हणजे घरातली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांसमोर, झाडंझुडपं नकोत, आणि पॅनेल पूर्ण उघडून माणसाला गुडघ्यावर बसता येईल इतकी मोकळी जागा हवी. वर्षाला एकदा तिथे कुणीतरी बसणारच आहे.

घरगुती आकाराच्या पेटीचं वजन २०० किलोच्या आसपास, मोठी असेल तर त्याहून जास्त. जमिनीवर बसवणार असाल तर सिमेंटचा ओटा आधीच ओतून पूर्ण वाळलेला असावा आणि घराच्या पायापासून सुटा असावा, नाहीतर कॉम्प्रेसरची थरथर भिंतीतून घरात शिरते. गच्चीवर असेल तर स्लॅब हे वजन पेलेल का, हे ज्याला बांधकामातलं कळतं त्यालाच विचारा. तिथे पेटीखाली लोखंडी चौकट, म्हणजे कर्ब, बसते. ती सपाट आहे का ते पाणसळ लावून आदल्या दिवशीच बघा. पेटी वर चढली की कर्ब सरळ करायला कुणी पुन्हा क्रेन बोलावत नाही. मग पत्र्याचे तुकडे खाली सरकवले जातात आणि त्या फटीतून पहिल्याच पावसात पाणी उतरतं.

यंत्राचा आकार किती असावा यावर मी लांबण लावणार नाही. जुनं जितक्या टनाचं होतं तितकंच नवं, हा हिशेब नव्हे. घराचं उष्णतेचं गणित करून घ्या. गरजेपेक्षा मोठं यंत्र सारखं चालू-बंद होत राहतं, दमटपणा काढत नाही आणि लवकर झिजतं. मात्र डक्टकडे, म्हणजे हवा खोल्यांत नेणाऱ्या आणि तिथून परत आणणाऱ्या बंद वाटांकडे, दुर्लक्ष नको. १ टन, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक) गारव्यामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. ३ टनाच्या यंत्राला झाली १,२०० घनफूट. जुन्या डक्टमधून तेवढी हवा जात नसेल तर उन्हाळ्यात कॉइलवर बर्फ धरेल आणि हिवाळ्यात हीट एक्स्चेंजर (बर्नरची उष्णता घरातल्या हवेला देणारा धातूचा भाग) तापून वरचेवर सुरक्षा-स्विच पडेल. पुढे कंटाळून कुणीतरी त्या स्विचची दोन टोकं तारेने जोडून तो निकामी करून टाकतं, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

डक्टबद्दल आणखी एक, आणि ही गोष्ट फार जण विसरतात. परतीचा डक्ट हवा खेचून घेत असतो. त्याच्या सांध्यात फट असेल आणि ती फट गॅरेजमध्ये किंवा गॅसच्या गीझरच्या खोलीत असेल, तर मोटारीचा किंवा गीझरचा धूर त्या वाटेने थेट झोपायच्या खोल्यांत पोचतो. तेवढ्यावर भागत नाही. ब्लोअरने, म्हणजे यंत्रातल्या हवेच्या पंख्याने, त्या खोलीतली हवा ओढली की चिमणीतून वर जायचा धूर उलटा खाली येऊ लागतो. म्हणून परतीच्या बाजूचा प्रत्येक सांधा मॅस्टिकने (सांधे बुजवायचा लेप) किंवा डक्टसाठीच्या धातूच्या टेपने बंद करून घ्या. नंतर ब्लोअर पूर्ण वेगाने चालू ठेवा, दारं बंद करा, गीझर पेटवून काही मिनिटं जाऊ द्या आणि त्याच्या धुराच्या तोंडाजवळ टिश्यू कागदाची पट्टी धरा. पट्टी आत ओढली गेली पाहिजे. तुमच्याकडे फडफडली, तर काम तिथेच थांबवा.

आता गॅस. आधी यंत्रावरची माहितीची पट्टी, म्हणजे नेमप्लेट, वाचा, आणि फिटर वाचतो आहे का तेही बघा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू आणि टाकीतला प्रोपेन यांची नॉझल वेगळी आणि दाबही वेगळे असतात. बर्नरच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे नॉझलना गॅस वाटणाऱ्या नळीवर, नैसर्गिक वायूला साधारण ३.५ इंच पाण्याचा दाब, तर प्रोपेनला १० इंचांच्या आसपास लागतो. एका घनफूट नैसर्गिक वायूत सुमारे १,००० बीटीयू उष्णता असते आणि प्रोपेनमध्ये सुमारे २,५००. यंत्र बहुतेक वेळा कारखान्यातून नैसर्गिक वायूसाठीच तयार होऊन येतं. नॉझल न बदलता त्यात प्रोपेन सोडला तर ज्योत बर्नरबाहेर लवलवते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तुमच्याकडे प्रोपेन असेल तर बदलाचं किट यंत्राबरोबर मागवा, ते बसवल्यावर पेटीवर तसं लेबल लावून घ्या आणि काढलेली नॉझल पिशवीत घालून जपून ठेवा.

पाइपचा व्यास यंत्राच्या तोंडाएवढा घेऊन भागत नाही. ८०,००० बीटीयूच्या यंत्राला ताशी सुमारे ८० घनफूट नैसर्गिक वायू लागतो. त्यात गीझर, शेगडी, कपडे वाळवायचं यंत्र असं घरात जे जे गॅसवर चालतं ते सगळं मिळवा आणि मीटरपासूनची लांबी धरून व्यास काढायला सांगा. शेवटी सगळी उपकरणं एकदम पेटवून यंत्राच्या तोंडाशी मॅनोमीटर, म्हणजे दाब मोजायचं साधन, लावायचा. दाब नेमप्लेटवरच्या किमान आकड्याखाली घसरला तर पाइप बारीक आहे. मग रेग्युलेटरचा स्क्रू पिळून ते दुखणं बरं होत नाही.

यंत्राजवळ हाताशी येईल असा बंद करायचा व्हॉल्व्ह हवा. त्यानंतर पाइप सोडवता यावा म्हणून युनियन, आणि गॅस आत शिरण्याआधी ड्रिप लेग. ड्रिप लेग म्हणजे टी आकाराच्या जोडाच्या खाली उभा सोडलेला, बुच लावलेला छोटा तुकडा. गॅसबरोबर वाहत आलेला गंज आणि ओल त्यात पडते. हा तुकडा दिसला नाही तर का नाही ते विचाराच. आट्यांना लावायची पेस्ट प्रोपेनलाही टिकणारी असावी. लवचीक नळी पेटीच्या पत्र्यातून आरपार नेऊ देऊ नका. पत्र्याची कडा ती कापते. आत जाणारा तुकडा कडक पाइपचा असावा.

गळतीची तपासणी दोनदा होते. एकदा नुसत्या पाइपची, जास्त दाबाने. दाब अर्ध्या पीएसआयच्या, म्हणजे सुमारे १४ इंच पाण्याच्या वर जाणार असेल तर यंत्र पाइपपासून सोडवलेलं असलं पाहिजे, नाहीतर आतला गॅस व्हॉल्व्ह बिघडतो. मग यंत्र जोडून, गॅस सोडून, प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून. ब्रशने फेस लावला की लगेच पुढच्या सांध्याकडे सरकू नका. छोटी गळती फुगा करत नाही. आट्यांच्या कडेला मोहरीएवढे बुडबुडे हळूहळू साचतात. मिनिटभर टॉर्च धरून बघत राहायला लागतं. काडी पेटवून तपासणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

विजेसाठी नेमप्लेटवरचे दोन आकडे पुरेसे आहेत. एक, सर्किट किमान किती अँपियर वाहणारं हवं; दुसरा, फ्यूज किंवा ब्रेकर कमाल केवढा चालेल. तार पहिल्या आकड्यावरून ठरते, आणि ब्रेकर दुसऱ्याच्या वर जात नाही. दोन्ही आकड्यांचा फोटो काढून इलेक्ट्रिशियनला आधीच पाठवा. यंत्रापासून दिसेल अशा जागी वेगळा डिस्कनेक्ट स्विच लावून घ्या. हात घालण्याआधी तो पाडायचा, टेस्टरने खात्री करायची, आणि तरीही कपॅसिटरला थोडा वेळ द्यायचा, कारण वीज गेल्यावरही त्यात चार्ज उरलेला असतो.

अर्थिंगवर मी जरा थांबणार आहे. एका कामावर बर्नर पेटायचा, चारपाच सेकंद झकास निळा जळायचा आणि विझायचा. तीनदा तसं झालं की यंत्राचा कंट्रोल बोर्ड लॉक. सगळ्यांचा संशय गॅसवर. एकाने रेग्युलेटरचं टोपण काढून स्क्रू फिरवायलाही घेतला होता. प्रत्यक्षात अर्थची तार रंगवलेल्या पत्र्यावर तशीच कसली होती. या बर्नरमध्ये ज्योत ओळखायला एक धातूची सळई असते. सळईला एसी व्होल्टेज दिलेलं असतं. ज्योत ती वीज एका दिशेने जास्त वाहू देते, आणि तो काही मायक्रोअँपियरचा प्रवाह बर्नरच्या धातूतून अर्थमार्गे बोर्डाकडे परततो. आमच्या इथे मधल्या रंगाच्या थराने ती परतीची वाटच अडवली होती. बोर्डाच्या लेखी ज्योत नव्हतीच, म्हणून तो इमानदारीने गॅस बंद करत होता. स्क्रूड्रायव्हरने नाण्याएवढा रंग खरवडला आणि काम मिटलं. तेव्हा अर्थचा लग (तारेच्या टोकाची चकती) उघड्या धातूवर कसलेला आहे ना ते डोळ्यांनी बघा. आणि गॅसचा पाइप हा काही अर्थिंगचा पर्याय नव्हे.

थर्मोस्टॅटच्या तारा किरकोळ: आर वीज, सी परतीची, डब्ल्यू ऊब, वाय गारवा, जी पंखा. जुनी केबल असेल तर तिच्यात सीसाठी तार शिल्लक आहे का, एवढं आधी बघून ठेवा.

गार कॉइलवर जमणाऱ्या पाण्याच्या निचऱ्याला ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारं नळीचं वळण, लागतो. ब्लोअर कॉइलमधून हवा ओढतो, त्यामुळे ट्रॅप नसेल तर निचऱ्याच्या तोंडातून हवा आत येते आणि पाणी तबकातच तुंबून राहतं. ट्रॅप आधी पाण्याने भरा, मग ब्लोअर चालू ठेवून तबकात तांब्याभर पाणी ओता आणि बाहेर पडतं का बघा.

पेटवण्याच्या दिवशी खिडक्या उघड्या ठेवा. नव्या हीट एक्स्चेंजरवरचं तेल जळून थोडा धूर आणि वास येतो. धुराचा अलार्मही वाजू शकतो. पाइपमधली हवा बर्नरमधून काढायची नाही, मोकळ्या हवेत नियमाप्रमाणे काढायची. ज्योत निळी आणि स्थिर हवी. मग ब्लोअर सुरू होतो त्या क्षणी ज्योतीवर नजर ठेवा. ती हलली, वाकली किंवा पिवळी झाली तर हीट एक्स्चेंजरला भेग असू शकते, यंत्र बंद. काही मिनिटांनी परतीच्या आणि पुरवठ्याच्या हवेचं तापमान मोजून फरक नेमप्लेटवर दिलेल्या मर्यादेत आहे का पाहा. पुरवठ्याकडचा थर्मामीटर हीट एक्स्चेंजरच्या थेट समोर नको, तापलेल्या पत्र्याची झळ लागून आकडा खोटा येतो.

गारव्याची बाजू सोपी आहे, रेफ्रिजरंट (गारवा देणारा वायू) कारखान्यातूनच भरून सीलबंद येतो. पहिल्याच दिवशी त्याचा दाब मोजायचे गेज लावायला कुणी उतावीळ झाला तर कारण विचारा. क्रँककेस हीटर (कॉम्प्रेसरमधलं तेल ऊबदार ठेवणारा) असेल तर कॉम्प्रेसर सुरू करण्याआधी २४ तास वीज चालू ठेवा. तीन फेजचं यंत्र असेल आणि फेजचा क्रम चुकला तर स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, खडखडतो आणि गार करत नाही; तसा आवाज आला की लगेच बंद. आर-३२ किंवा आर-४५४बी रेफ्रिजरंट असलेली नवी यंत्रं ए२एल गटातली, म्हणजे सौम्य ज्वालाग्राही. त्यांचा गळती-सेन्सर सोडवून ठेवू देऊ नका.

घराचं रंगकाम किंवा पॉलिश चालू असेल तर यंत्र बसवलं तरी पेटवू नका. रंगांच्या आणि द्रावकांच्या वाफा ज्वलनात ओढल्या गेल्या की हीट एक्स्चेंजर गंजतो, आणि धूळ कॉइलमध्ये जाते ती वेगळीच.

झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म पेटवण्याआधी लागलेले असावेत. या वायूला रंग नाही, वास नाही. जळणाच्या गॅसला मात्र मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा उग्र वास असतो, तो घरातल्या सगळ्यांना ओळखता यायला हवा. तो वास आला तर दिव्याचं बटण चालू करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, फोन घरात लावायचा नाही, सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून फोन करायचा. बाहेरचा व्हॉल्व्ह वाटेत असेल तरच बंद करायचा. फिटर जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, आजीलासुद्धा, त्या व्हॉल्व्हपाशी नेऊन दांडी एकदा स्वतःच्या हाताने फिरवायला लावा: पाइपच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. ती जड जात असेल तर फिटर तिथे असतानाच बदलून घ्या.