मानेवरचं ओझं कमरेवर: यात्रेत कॅमेरा असा बांधा

पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेला तारळी नदीकाठी पाय ठेवायला जागा नसते. ट्रायपॉड कुठे मांडणार? आणि किलोभराचा कॅमेरा गळ्यात अडकवून दोन तास चाललं की मान धरतेच. म्हणून घरातल्याच वस्तूंनी वजन खांद्यावर नाहीतर कमरेवर न्यायचं; हात फक्त कॅमेरा वळवायला मोकळे ठेवायचे.

आधी पट्टा. तो शबनमसारखा तिरका घ्या आणि खांद्यावर पंचाची घडी ठेवून त्यावर टेका. लांबी अशी बेताची ठेवा, की कॅमेरा पुढे ढकलल्यावर कोपरं वाकलेली असतानाच पट्टा ताणला जाईल. हा ताण म्हणजे तिसरा हात. एवढ्यानेही चित्र बरंच स्थिर येतं.

उभं राहून चित्रण करायचं असेल तर दोरी वापरा. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी जे आट्यांचं भोक असतं, त्यात बसणारा पाव इंची, इंचाला 20 आट्यांचा बोल्ट हार्डवेअरच्या दुकानात मागा. 6 एमएमचा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण तो रेटून पिळलात तर कॅमेऱ्याचे आटे कायमचे जातील. बोल्टला नट आणि वायसर लावा आणि पुढे जेमतेम 5 मिलिमीटर टोक ठेवा. जास्त आत गेलं तर तळाला इजा होते. दोन वायसरांच्या मध्ये सुतळी पक्की बांधा, बोल्ट त्या भोकात पिळा, सुतळीचं दुसरं टोक बुटाखाली दाबा आणि कॅमेरा वर ओढून धरा. वर-खाली होणारी थरथर जवळजवळ थांबते. बोल्ट ढिला होऊ शकतो, म्हणून पट्टा अंगावरून कधीच काढू नका.

चालत चित्रण करायचंय? छोट्या ट्रायपॉडचे पाय मिटवून एकत्र बांधा आणि कमरेच्या पाकिटात खोचा. कॅमेरा छातीशी येतो, वजन कमरेवर जातं. गुडघे किंचित वाकवून छोटी पावलं टाका. मला सगळ्यात भरवशाची वाटते ती हीच पद्धत. मात्र रेटारेटीत ही ट्रायपॉडची काठी कुणाला लागेल, तिथे ती काढून ठेवा.

कठडा किंवा पायरी मिळाली तर कॅमेऱ्याखाली टेकू म्हणून अर्धी भरलेली ज्वारीची पिशवी पुरते.

भंडारा उधळायच्या आधी कॅमेऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून भिंगापाशी रबर लावा. भिंगावर हळद बसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग पसरतो. आधी रबरी पंपाने फुंका, मग मऊ ब्रश फिरवा.